कल्पित कहाण्यांतून धर्माचा आणि नीतीचा मार्ग सापडतो का?

माजघर:

श्रावण-भाद्रपदातल्या कहाण्या घरात मोठ्याने वाचण्याचे काम सासूबाईंची नजर मंदावल्यापासून माझ्याकडे आले आहे. मी श्रद्धेने व्रते करणाऱ्यांपैकी नाही. आटपाट नगर कोठेच नव्हते आणि त्या नगरातला राजाही कधी होऊन गेला नाही, हे मला ठाऊक आहे आणि ऐकणाऱ्यांनाही ठाऊक असते. तरीही सोमवारची खुलभर दुधाची कहाणी वाचताना मला जे मिळते, ते अनेक प्रवचनांतून मिळालेले नाही, आणि असे का व्हावे याचा उलगडा मला नीट होत नाही.

कहाणी बहुतेकांनी ऐकलेली असेल. पण माझा प्रश्न तिच्या तपशिलांवर उभा आहे, म्हणून थोडक्यात सांगते. राजा मोठा शिवभक्त असतो. महादेवाचा गाभारा दुधाने भरावा असे त्याच्या मनात येते आणि प्रधानाच्या सल्ल्यावरून तो दवंडी पिटवतो, की सोमवारी प्रत्येकाने घरात थेंबही न ठेवता सगळे दूध देवळात आणावे. धाकापोटी कोणी वासरांना पाजत नाही, कोणी मुलांना देत नाही. गावचे सगळे दूध पडते, पण गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी येते. तिने घरचे काम आटोपलेले असते, लेकरांना, सुनांना, गाईवासरांना तृप्त केलेले असते, आणि मग उरलेले खुलभर, म्हणजे अगदी थोडेसे, दूध, गंधफूल, बेलाचे पान घेऊन ती देवळात आलेली असते. ती दूध अर्पण करून निघून जाते आणि तिच्या माघारी गाभारा भरतो. पुढच्या सोमवारी राजा पाळत ठेवतो, तिसऱ्या सोमवारी स्वतः बसतो आणि म्हातारीचा हात धरतो. अभय मिळाल्यावरच ती खरे कारण सांगते, की तुझ्या आज्ञेने वासरांचे आणि मुलांचे आत्मे तळमळले, हे देवाला आवडत नाही.

देवाची भक्ती आणि घरातल्या भुकेल्या जिवाची काळजी यांचा क्रम काय असावा, हे मला इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कोणी सांगितलेले नाही. पण याच पोथीत काही पाने पुढे ऋषिपंचमीची कहाणी आहे, आणि ती वाचताना माझी जीभ अडखळते. बाईने विटाळ पाळला नाही म्हणून तिला कुत्रीचा जन्म आला, हे मला मान्य होणे शक्य नाही. आता अडचण अशी, की एक कहाणी मी मार्गदर्शक मानते आणि दुसरी नाकारते, तर निवाडा करणारी माझी स्वतःची सदसद्विवेकबुद्धीच झाली. मग कहाणीने मला नेमके काय दिले? मला आधीच पटलेले तेच ती गोड आवाजात परत सांगते आहे काय? आणि जी गोष्ट घडलेली नाही हे मला माहीत आहे, तिच्यात आध्यात्मिक अर्थ पाहणे ही स्वतःचीच समजूत घालणे आहे काय?

पूर्वपक्षी:

आपल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत आणि ते वेगळे ठेवले तर बरे, कारण दुसऱ्या भागाचे उत्तर आपल्या परंपरेत फार पूर्वी दिले गेले आहे.

न घडलेल्या गोष्टीला धर्मात स्थान काय, हा प्रश्न मीमांसकांना, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांना, थेट वेदाविषयीच पडला होता. वेदाने काय करावे ते सांगावे, हे ठीक. पण वेदात गोष्टी आहेत, आणि त्यांपैकी कित्येक शब्दशः घेता येत नाहीत, त्यांचे काय करायचे? तैत्तिरीय संहितेत अशी कथा आहे, की देवांनी अग्नीजवळ ठेवलेले धन घेऊन अग्नी निघून गेला, देवांनी ते बळाने परत घेतले तेव्हा तो रडला आणि त्याच्या अश्रूंची चांदी झाली, म्हणून यज्ञात बर्हीवर, म्हणजे पसरलेल्या दर्भावर, चांदीची दक्षिणा देऊ नये. जैमिनीच्या मीमांसासूत्रांत पहिल्या अध्यायाचा दुसरा पाद याच प्रकारच्या वाक्यांना वाहिलेला आहे, आणि तेथे या वाक्यांना अर्थवाद म्हटले आहे. अग्नी खरोखर रडला की नाही, हे मीमांसकाला सिद्ध करावे लागत नाही. ज्या विधीची स्तुती किंवा ज्या निषिद्ध गोष्टीची निंदा ती कथा करते, त्या विधिनिषेधाशी ती एकवाक्य होते आणि तेथेच तिचे प्रामाण्य संपते. वेद अपौरुषेय, म्हणजे कोणा माणसाने न रचलेले, मानणारी माणसे जर कथेकडे या मोकळेपणाने पाहू शकत होती, तर आपण आटपाट नगराच्या बाबतीत संकोच करण्याचे कारण नाही.

काव्यशास्त्रकार मम्मटाने अकराव्या शतकात काव्याच्या प्रयोजनांत उपदेश घातला, तो ‘कान्तासम्मित’ असे विशेषण लावून. वेद राजासारखी आज्ञा करतो, इतिहास-पुराणे मित्रासारखी समजावतात आणि काव्य प्रिय व्यक्तीसारखे आपल्याला वळवते, असा त्याचा भेद आहे. रामासारखे वागावे, रावणासारखे वागू नये, हे काव्यातून कळते. पण आज्ञा म्हणून ते कानावर पडत नाही, रसाच्या ओघात ते आपले होते. प्रवचनातून जे मिळाले नाही ते कहाणीतून मिळाले, या आपल्या अनुभवाला यापेक्षा नेमके वर्णन मला माहीत नाही.

मात्र खुलभर दुधाच्या कहाणीत एक गोष्ट अशी आहे, जी अर्थवादाच्या चौकटीत बसत नाही, आणि माझ्या मते तिचे मोल तेथेच आहे. अर्थवाद विधीच्या सेवेत असतो. येथे विधी आहे महादेवाला दूध वाहण्याचा. कहाणीने त्याची निव्वळ स्तुती केली असती, तर राजाच्या दवंडीनंतर गाभारा तुडुंब भरायला हवा होता. कहाणी विधी मोडत नाही, परंतु त्याच्या आधी एक अट घालते. विधीनेच जिला जन्म दिला, तिने विधीला वळण लावावे हे विलक्षण आहे. आपली सदसद्विवेकबुद्धी आधीच तयार होती असे आपण म्हणता. पण मुलांना उपाशी ठेवू नये एवढेच आपल्याला आधी माहीत होते. निष्ठावान भक्ताच्या हातूनही ते घडू शकते आणि तेही देवाच्या नावाने, हे कहाणीने दाखवले, आणि दोन्ही एकच ज्ञान नव्हेत.

रोखठोक:

वरील प्रतिसाद विद्वत्तापूर्ण आहे, पण त्यात कहाणीच्या ताकदीचे कौतुक आहे आणि त्या ताकदीची भीती नाही. ज्या गुणामुळे खुलभर दुधाची कहाणी मनात शिरते, त्याच गुणामुळे ऋषिपंचमीची कहाणीही शिरते. तेच आटपाट नगर, तीच लय, तोच ‘सुफळ संपूर्ण’चा दिलासा. गोष्ट सांगणारा वाद घालत नाही, त्यामुळे ऐकणाराही वाद घालायला उठत नाही. पिढ्यान्पिढ्या मुलींनी ती कहाणी हातात अक्षता घेऊन ऐकली आणि आपल्या देहाविषयी एक शरम अंगी मुरवून घेतली. ‘प्रिय व्यक्तीसारखे वळवणे’ हे वाचायला छान वाटते. पण प्रिय व्यक्तीने चुकीच्या दिशेला वळवले तर विरोध करणे सर्वांत अवघड जाते, हेही मम्मटाच्या वाचकांनी लक्षात घ्यावे.

दुसरा मुद्दा असा, की कथेचा अर्थ आपण सोयीने काढतो. खुलभर दुधाच्या कहाणीचा हल्ली एक फार लोकप्रिय अर्थ ऐकू येतो, की देवाला दूध घालू नका, गरीब मुलांना द्या. मी स्वतः देवळात जात नाही, त्यामुळे हा अर्थ मला सोयीचा आहे. पण तो कहाणीत नाही! म्हातारी दूध घेऊन देवळात जाते. मुलांना पाजून झाल्यावर उरलेले तिने स्वतः प्यायलेले नाही की विकलेले नाही. आपल्याला पटेल तेवढे घ्यायचे आणि वर ‘आपल्या परंपरेनेच हे सांगितले आहे’ असे म्हणायचे, हा अप्रामाणिकपणा पुरोगामी मंडळीही तितक्याच उत्साहाने करतात. त्यापेक्षा मुलांना आधी जेवू घालावे हे मत आपले म्हणून उघडपणे मांडावे आणि त्यासाठी महादेवाची साक्ष काढू नये, असे मला वाटते.

ऋद्धिपूरकर:

रोखठोक यांचा दुसरा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर मराठी गद्याच्या अगदी आरंभी शोधलेले दिसते. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर स्वामींनी निरूपणात सांगितलेले दृष्टांत केशिराजबासांनी ‘दृष्टांतपाठा’त एकत्र केले. हे 114 दृष्टांत आहेत आणि प्रत्येकाची मांडणी तीन पदरी आहे. आधी सूत्र, म्हणजे सिद्धांताचे वचन. मग दृष्टांत, म्हणजे व्यवहारातली किंवा सरळसरळ रचलेली छोटी गोष्ट. आणि शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे त्या गोष्टीतला कोणता भाग सूत्राला कोठे लागू होतो याचा खुलासा. जन्मांधांनी हत्ती चाचपल्याची गोष्ट तेथे आहे. पाय चाचपणाऱ्याला हत्ती खांबासारखा वाटतो, कान धरणाऱ्याला सुपासारखा. ती ऐकून कोणी ‘हे आंधळे कोणत्या गावचे’ असे विचारत नाही. पण ‘प्रत्येकाचेच खरे’ असा भलताच अर्थही काढता येत नाही, कारण दार्ष्टांतिक लगेच शेजारी उभे असते.

कहाणीला असे दार्ष्टांतिक नाही. शेवटी फलश्रुती आहे, पण ती वसा घेतल्याचे फळ सांगते, अर्थ सांगत नाही. त्यामुळे दार्ष्टांतिक वाचणाऱ्याला करावे लागते आणि ते करताना त्याने दृष्टांताच्या अंगांना बांधून राहावे, एवढीच अपेक्षा आहे. म्हातारी देवळात गेली हे अंग सोडून दिले तर दार्ष्टांतिक चुकले, हे रोखठोक यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पण त्यावरून अर्थ काढूच नये असे कसे ठरते? अंगे न सोडता अर्थ काढून पाहू. राजा दुष्ट नाही, त्याची इच्छाही पवित्र आहे, परंतु ती पुरी करण्यासाठी तो दुसऱ्यांच्या घरातले दूध वापरतो. म्हातारीचे अर्पण लहान आहे, पण ते सर्वस्वी तिचे आहे, कारण त्यावर दुसऱ्या कोणाच्या भुकेचा हक्क उरलेला नाही. शिवाय गाभारा भरला तेव्हा ती तेथे नव्हती. आपल्या भक्तीचा परिणाम तिने पाहिलाच नाही. माझ्या दृष्टीने कहाणीचा आध्यात्मिक अर्थ येथे आहे. घरच्यांना आधी जेवू घालावे हा तिचा नीतिबोध झाला. पण अर्पण करावे आणि फळ पाहायला थांबू नये, हे त्या नीतीच्या पलीकडचे आहे, आणि ते कहाणीने एका शब्दानेही सांगितलेले नाही, नुसते म्हातारीला घरी पाठवून दिले आहे.

(जाता जाता: सक्तीच्या वर्गणीने मंडप उभारणाऱ्या प्रत्येक मंडळाच्या पहिल्या बैठकीत ही कहाणी वाचली जावी, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. ती पुरी होण्याची चिन्हे नाहीत.)

ताम्हण:

सगळी चर्चा खुलभर दुधाभोवती फिरते आहे. माजघर यांची खरी अडचण ऋषिपंचमीची आहे, म्हणून मी तिच्याकडे वळते. ती कहाणी मीही अनेक वर्षे टाळत होते. नंतर नुसत्या रागाने न वाचता सावकाश वाचली, तेव्हा तिच्यात जे दिसले ते येथे मांडते.

ब्राह्मण नवरा-बायको मरून बैल आणि कुत्री होतात आणि आपल्याच मुलाच्या घरी येतात. मुलाला याचा पत्ता नसतो. घरी श्राद्धाचा दिवस असतो. सुनेने खीर करून ठेवलेली असते, तिच्यात सर्प गरळ टाकतो आणि ते कुत्री पाहते. ब्राह्मण जेवले तर मरतील आणि मुलाला ब्रह्महत्येचे पाप लागेल, म्हणून ती उठून पातेल्यात तोंड घालते. सून संतापते, जळते कोलीत घेऊन तिच्या कंबरेत मारते, सारा स्वयंपाक टाकून नव्याने करते आणि कुत्रीला उष्टेखरकटेही घालत नाही. तिकडे बैलाला मुलाने दिवसभर नांगराला जुंपलेले असते, तोंड बांधून मारलेले असते. रात्री कुत्री बैलाजवळ जाऊन रडते, तेव्हा बैल तिलाच सुनावतो, की तुझ्या विटाळामुळे माझी ही दशा झाली. आणि शेवटी म्हणतो, की मीही आज उपाशी आहे, त्याचे श्राद्ध फुकट गेले. मुलगा हे ऐकतो. तो आधी उठतो, बैलाला चारा घालतो, कुत्रीला अन्न घालतो, दोघांना पाणी पाजतो आणि दुसऱ्या दिवशी रानात ऋषींना उपाय विचारायला जातो.

आता मला सांगा, ही कहाणी ऐकताना आपण कोणाच्या बाजूने असतो? एकही श्रोता सुनेच्या बाजूने नसतो, बैलाच्या बोलण्याच्या बाजूनेही नसतो. शिक्षा भोगणारी तीच सगळ्या घरातली एकमेव जाणती आणि दयाळू व्यक्ती आहे, हे कहाणीने तपशिलासह दाखवले आहे. घरात यथासांग श्राद्ध चालू असताना आईबाप उपाशी आहेत, याहून तिखट टीका कर्मकांडावर करता येईल असे मला वाटत नाही. म्हणजे कहाणीचा निष्कर्ष एक सांगतो आणि तिचे प्रसंग दुसरेच सांगतात. निष्कर्ष मी नाकारते. पण तो नाकारण्याचे बळ मला बाहेरून आणावे लागले नाही. कंबरेत कोलीत बसलेल्या त्या कुत्रीनेच ते दिले. माजघर, आपण विचारले होते की कहाणीने काय दिले. माझे उत्तर हे, की आपली सदसद्विवेकबुद्धी काही जन्मतः तयार होऊन आलेली नसते. लहानपणापासून कोणाच्या दुःखाकडे पाहायला आपल्याला शिकवले गेले, त्यातून ती घडते, आणि हे शिकवण्याचे काम आपल्याकडे बव्हंशी याच गोष्टींनी केले आहे. आज आपण त्याच बुद्धीने त्यांचा निवाडा करतो, यात विसंगती नाही.

रोखठोक:

ताम्हण यांचे वाचन सुंदर आहे, आणि कुत्री हीच त्या घरातली एकमेव दयाळू व्यक्ती आहे हे मी यापुढे विसरणार नाही. तरीही एक शंका कायम आहे. असे वाचन करायला जे स्वातंत्र्य आणि वय लागते, ते पाटावर बसून कहाणी ऐकणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या मुलीपाशी नसते. तिला प्रसंग आणि निष्कर्ष वेगळे काढून कोणी देत नाही. कहाणीचा शेवट व्रताच्या उद्यापनात होतो आणि ‘पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ म्हटल्यावर प्रश्न विचारण्याची सोयच राहत नाही. चांगला वाचक कोणत्याही कथेतून चांगले काढील. त्याचे श्रेय कथेला किती द्यायचे?

पूर्वपक्षी:

श्रेय किती, हे मोजता येणार नाही, पण एक कसोटी सुचवतो. काही कथा अशा असतात, की त्यांतून दुसरा अर्थ काढायला गेले तरी हाताला काही लागत नाही. शेटजीने वसा टाकला, दारिद्र्य आले. पुन्हा घेतला, वैभव आले. अशा कहाण्या पोथीत पुष्कळ आहेत आणि त्या आज्ञेची नुसती भलावण करतात. ज्या कथेत शिक्षा झालेल्या पात्रालाही स्वतःचे दुःख बोलून दाखवायला जागा मिळते, ती कथा आपल्या रचणाऱ्याच्या मतापेक्षा मोठी होते. ऋषिपंचमीच्या कहाणीत कुत्रीला रात्रीचा आक्रोश दिला आहे. केवळ विटाळाचे भय घालायचे असते, तर तो दिला नसता तरी चालले असते. लहान मुलीच्या बाबतीत मात्र रोखठोक यांचे म्हणणे मी खोडू शकत नाही. दार्ष्टांतिक कोणी तरी करायला हवे, आणि घरात ते वाचणाऱ्यानेच करायचे असते.

माजघर:

सर्वांचे आभार. माझा प्रश्न सुटला असे म्हणणार नाही, पण तो आता वेगळ्या जागी आला आहे. कहाणी घडलेली नाही, ही माझी अडचण नव्हतीच, हे पूर्वपक्षी यांच्या पहिल्या प्रतिसादाने कळले. कहाणीचा शेवट म्हणजेच कहाणी, असे मी धरून चालले होते.

ऋद्धिपूरकर यांनी म्हातारी फळ पाहायला थांबली नाही हे जे दाखवले, त्यावर एक विचारावेसे वाटते. तिसऱ्या सोमवारी राजा तिचा हात धरतो तेव्हा ती घाबरते आणि अभय मागते. फळाची आस नसलेल्या माणसाला भय कशाचे असावे? की धाक हा त्या नगरात इतका मुरलेला होता, की भक्तीने तो गेला नाही?

ऋद्धिपूरकर:

दुसरे. ती संत नाही, प्रजा आहे. राजाज्ञा मोडून तिने घरात दूध ठेवले होते आणि त्याची शिक्षा काय होऊ शकते हे तिला माहीत होते. उलट मला असे वाटते, की तिला भय नसते तर राजाला अभय देण्याची संधी मिळाली नसती, आणि ज्या क्षणी तो अभय देतो त्या क्षणापासून त्याचे ऐकून घेणे सुरू होते. त्यापूर्वी त्या नगरात फक्त दवंडीच होती. कहाणीच्या शेवटी राजा दुसऱ्यांदा दवंडी पिटवतो, मुलांना आणि वासरांना आधी पाजा म्हणून, हेही पाहावे. साधन तेच आहे, आज्ञा तीच राजाची आहे; त्यामुळे रोखठोक येथे पुन्हा आक्षेप घेतील, आणि तो आक्षेप मला रास्त वाटेल.

रोखठोक:

घेतोच. मुलांना दूध पाजायलाही ज्या राज्यात दवंडी लागते, तेथली प्रजा अजून म्हातारीपर्यंत पोहोचलेली नाही. पण तिच्या सुनांविषयी कहाणी काहीच सांगत नाही. सासू आज्ञा मोडून घरात दूध ठेवते आहे हे त्यांनी पाहिले, प्यायल्या आणि कोठे वाच्यता केली नाही. ताम्हण, त्यांच्या बाजूने ही कहाणी कोणी तरी सांगायला हवी, आणि ते काम तुम्ही करावे असे मला वाटते.